मराठी मजकूर आणि रायटरमधल्या स्टाइल्स: स्मरणिका लावताना शिकलेलं

गावच्या वाचनालयाची स्मरणिका लावायचं काम माझ्याकडे आलं ते ‘तुला कॉम्प्युटर येतो ना?’ एवढ्याच पात्रतेवर. चाळीसेक लेख, डझनभर कविता, अध्यक्षांचं मनोगत, शेवटी देणगीदारांची यादी. मी प्रत्येक शीर्षक निवडलं, ठळक केलं, आकार १८ केला, मध्यावर घेतलं. अनुक्रमणिका टिंबं देत देत हाताने टाइप केली. प्रेसला फाइल द्यायच्या आदल्या संध्याकाळी चिटणीसकाका एक लेख घेऊन आले. ‘एवढा एक घालून टाक गं, सुरुवातीलाच कुठेतरी.’ तो लेख तिसरा बसला आणि पुढचे सगळे पानक्रमांक चारने सरकले. रात्री दोन वाजता मी ८७ चं ९१ करत बसले होते. तरी दोन चुका छापून आल्याच.

तेव्हा मला स्टाइल्स ठाऊक नव्हत्या. म्हणजे ती यादी दिसायची, पण ती शोभेची आहे असं वाटायचं. खालचं सगळं लिब्रेऑफिस रायटर धरून लिहिलं आहे, कारण तो फुकट मिळतो आणि मी तोच वापरते. वर्डवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे. प्रबंध, संस्थेचा अहवाल, कवितासंग्रह, काहीही असलं तरी क्रम हाच.

एक गोष्ट आधी समजून घ्या. स्टाइल म्हणजे परिच्छेदाला दिलेलं नाव. ‘हा लेखाचा मथळा’, ‘ही कविता’, ‘हा साधा मजकूर’ एवढंच तुम्ही सांगायचं. मथळा केवढा, कुठल्या फॉन्टमध्ये, वर किती जागा, हे त्या नावाखाली एकदाच ठरतं. नंतर तिथे बदललं की चाळीसच्या चाळीस मथळे बदलतात.

काय काय लागेल

- लिब्रेऑफिस, शक्यतो ७.६ किंवा त्यानंतरचं. का ते सातव्या पायरीत येईल. आवृत्तीनुसार मेनूतली नावं थोडी इकडेतिकडे होतात, घाबरू नका.
- युनिकोडमधला मजकूर, म्हणजे ज्यात मराठी अक्षरं खरोखर मराठी म्हणूनच साठवलेली असतात. कृतीदेव किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख आला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फाइलमध्ये खरी अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. स्टाइलने फॉन्ट बदलला की मुखवटा उतरतो आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. बदलून घेतलेला मजकूर एकदा वाचाच; रफार आणि जोडाक्षरं हमखास गडबडतात.
- एकदोन चांगले देवनागरी फॉन्ट.
- मूळ फाइलची एक प्रत, वेगळ्या फोल्डरमध्ये. हिला हात लावायचा नाही.

## १. फाइलचं खरं रूप बघा

कंट्रोल + एफ १० दाबा. एरवी न दिसणारी चिन्हं दिसू लागतील: प्रत्येक स्पेसच्या जागी टिंब, प्रत्येक एंटरच्या जागी उलट्या पी-सारखी खूण. आता लेखकांनी काय काय केलं ते उघडं पडतं. शीर्षक मध्यावर आणण्यासाठी बावीस स्पेस. नवीन पानावर जाण्यासाठी सोळा एंटर. मी स्वतःच्याच फाइलमध्ये हे पाहिलं तेव्हा जरा लाजले.

रिकामे परिच्छेद काढायला कंट्रोल + एच उघडा, ‘अदर ऑप्शन्स’मध्ये ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’वर खूण करा, ‘फाइंड’च्या चौकटीत ^$ लिहा, ‘रिप्लेस’ची चौकट रिकामी ठेवा आणि ‘रिप्लेस ऑल’. सगळे रिकामे एंटर गेले. कविता असतील तर जरा थांबा. कडव्यांमधली जागाही त्याच एंटरने केलेली असते, तीही जाईल. कविता आधी वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा.

## २. रायटरला मराठीची ओळख करून द्या

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण स्टाइल्सच्या इंग्रजी मार्गदर्शकांत ती सहसा नसते आणि मराठी माणूस नेमका इथेच अडकतो.

माझं काय झालं ते सांगते. स्टाइल उघडली, फॉन्ट बदलला, आकार १२ चा १४ केला, ‘ओके’ दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा केलं. मजकूर ढिम्म. मग नजर गेली: लेखात मधे कुठेतरी एक इंग्रजी ईमेल पत्ता होता, तेवढाच मोठा झाला होता.

कारण असं. रायटर प्रत्येक स्टाइलमध्ये फॉन्टचे वेगवेगळे संच ठेवतो. रोमन लिपीसाठी ‘वेस्टर्न’, चिनी-जपानीसाठी ‘एशियन’ आणि देवनागरी, अरबी वगैरेंसाठी ‘कॉम्प्लेक्स’ किंवा ‘सीटीएल’. मी बदलत होते वेस्टर्न, आणि माझा मजकूर होता कॉम्प्लेक्स. भारत आशियात आहे म्हणून ‘एशियन’ बदलून पाहाल, तर त्यानेही काही होणार नाही. तेही मी करून पाहिलं आहे.

म्हणून ‘टूल्स’ > ‘ऑप्शन्स’ > ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’मध्ये जा (जुन्या आवृत्तीत ‘लँग्वेज सेटिंग्ज’), ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण करा आणि समोरच्या यादीतून ‘मराठी’ निवडा. ही खूण नसेल तर स्टाइलच्या खिडकीत कॉम्प्लेक्सचा भाग दिसतच नाही, आणि तुम्ही माझ्यासारखे ईमेल पत्ते मोठे करत बसाल.

‘हिंदी’ न निवडता ‘मराठी’ का? अक्षरांच्या वळणासाठी. काही फॉन्टांमध्ये ल आणि श यांची दोन्ही वळणं भरलेली असतात आणि भाषा मराठी असेल तर आपला पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो. राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातही हीच वळणं प्रमाण धरली आहेत. भाषा हिंदी राहिली तर त्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण येतं. ‘हा ल आपला नाही’ असं म्हणणारे वाचक आमच्या वाचनालयात निदान तीन आहेत, आणि तिघेही कार्यकारिणीत.

फॉन्ट निवडताना दोन गोष्टी पाहा. त्याला खरा ठळक प्रकार आहे का? मुक्ताला सात वजनं आहेत, बारीकपासून जाडजूडपर्यंत. तिरो देवनागरी मराठी वाचायला फार देखणा आहे, पण त्याला ठळक प्रकारच नाही. तरी तुम्ही ठळक केलंत तर रायटर अक्षराची कड फुगवून नकली ठळक बनवतो आणि ‘ळ’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात. अशा वेळी मजकूर तिरोमध्ये आणि मथळे मुक्तामध्ये ठेवा. दुसरी गोष्ट तिरक्या अक्षरांची. बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरी तिरकी अक्षरं नसतात, सरळ अक्षर नुसतं कलंडवलं जातं. मी मराठीत तिरकं वापरतच नाही.

## ३. स्टाइल्सची पट्टी उघडा

एफ ११. उजवीकडे यादी येते. वर छोटी चित्रं आहेत: परिच्छेद, अक्षर, चौकट, पान, यादी आणि तक्ता अशा सहा प्रकारांची. सुरुवातीला फक्त पहिला प्रकार. नव्वद टक्के काम परिच्छेद-स्टाइलवर भागतं.

यादी पाहून दडपण येईल, कारण तीत पत्राचा मायना, पाकिटावरचा पत्ता असलं काय काय आहे. खालच्या कप्प्यातून ‘हायरार्किकल’ निवडा म्हणजे कोण कुणाच्या पोटात आहे ते कळेल. एवढ्या स्टाइल्स पुरतात: ‘डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’ (सगळ्यांची आजी), ‘बॉडी टेक्स्ट’ (साधा मजकूर, जुन्या आवृत्तीत ‘टेक्स्ट बॉडी’), ‘हेडिंग’ आणि तिची मुलं ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’. त्यात आपल्या दोनतीन घालू.

## ४. आधी आजी, मग नातवंडं

‘डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’वर उजवी क्लिक, ‘एडिट स्टाइल’. ‘फॉन्ट’ टॅबमध्ये कॉम्प्लेक्सखाली फॉन्ट, आकार आणि भाषा ठरवा. वेस्टर्नखाली त्याच्याशी जुळणारा रोमन फॉन्ट द्या. इथे दिलेलं खालच्या सगळ्यांना आपोआप मिळतं, अपवाद ज्यांनी स्वतःचं वेगळं मांडलंय त्यांचा. आणि ‘हेडिंग’ नेमकी तशी आहे: तिचा फॉन्ट आधीपासून स्वतंत्र ठरलेला असतो. त्यामुळे आजीचा फॉन्ट बदलूनही मथळे जुन्याच फॉन्टमध्ये राहतात. ‘हेडिंग’ वेगळी उघडून तिथेही बदला.

मग ‘बॉडी टेक्स्ट’. ‘इंडेंट्स अँड स्पेसिंग’मध्ये ओळींमधलं अंतर ‘प्रपोर्शनल’ ठेवा, १२० टक्क्यांच्या आसपास. ‘फिक्स्ड’ निवडू नका. इंग्रजीला ते चालून जातं, पण देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात. ‘कीर्ती’ची टोपी नाहीतर ‘पूर्व’चा ऊकार कापला जातो, आणि पडद्यावर नाही लक्षात आलं तर थेट छापून येतो.

परिच्छेदाच्या पहिल्या ओळीची आत घ्यायची जागाही इथेच ‘फर्स्ट लाइन’मध्ये द्या. टॅब किंवा पाच स्पेस मारणं आजपासून बंद.

दोन्ही बाजू सरळ ठेवायच्या की फक्त डावी, हा आवडीचा भाग. पूर्ण रुंदीच्या पानावर दोन्ही सरळ छान दिसतात. दोन स्तंभांत मात्र मराठीचे लांबलचक सामासिक शब्द एका ओळीत दोनतीनच मावतात आणि मधे भगदाडं पडतात. तिथे मी डावीच सरळ ठेवते.

## ५. मथळे

‘हेडिंग १’ लेखाच्या नावासाठी, ‘हेडिंग २’ लेखातल्या उपशीर्षकासाठी. आकार टक्क्यांतही लिहिता येतो: आकाराच्या चौकटीत १३० आणि टक्क्याची खूण टाका, म्हणजे ‘हेडिंग’च्या तुलनेत तेवढा मोठा. (चौकटीत आकडे इंग्रजी टाका.)

‘टेक्स्ट फ्लो’ टॅबमध्ये दोन खुणा महत्त्वाच्या. ‘कीप विथ नेक्स्ट पॅराग्राफ’ असेल तर मथळा पानाच्या तळाशी एकटा उरत नाही. आणि प्रत्येक लेख नव्या पानावर हवा असेल तर ‘हेडिंग १’ला ‘ब्रेक्स’खाली ‘इन्सर्ट’वर खूण करून ‘पेज’, ‘बिफोर’ निवडा. सोळा एंटर संपले.

पहिल्या टॅबमध्ये ‘नेक्स्ट स्टाइल’ असते. मथळा लिहून एंटर दाबल्यावर पुढचा परिच्छेद कोणता, ते. तिथे ‘बॉडी टेक्स्ट’ ठेवा. त्याच टॅबमध्ये ‘ऑटोअपडेट’ नावाची एक चौकट आहे, ती रिकामीच राहू द्या. तिच्यावर खूण असली की एका परिच्छेदात हाताने केलेला बदल थेट स्टाइलमध्ये शिरतो. एक मथळा जरा लाल करून पाहिला आणि सगळी स्मरणिका लाल, असा प्रकार होतो.

## ६. आपल्या स्वतःच्या स्टाइल्स

यादीत उजवी क्लिक, ‘न्यू’. नाव मराठीत दिलेलं चालतं. माझ्या तीन आहेत.

‘लेखकाचं नाव’: उजवीकडे, जरा लहान अक्षरात, खाली जागा.

‘कविता’: डावीकडून दोन सेंटिमीटर आत आणि संरेखन डावं. हे डावं संरेखन मुद्दाम द्या. कवितेच्या ओळी शिफ्ट + एंटरने तोडायच्या आणि प्रत्येक कडवं हा एक परिच्छेद करायचा. दोन्ही बाजू सरळ असलेल्या परिच्छेदात शिफ्ट + एंटर मारलं तर आखूड ओळ पानभर ताणली जाऊ शकते. ‘रूप पाहतां लोचनीं’ हे तीन शब्द या टोकापासून त्या टोकापर्यंत पांगलेले मी पाहिले आहेत. कडव्यांमधली जागा ‘बिलो पॅराग्राफ’मध्ये द्या, म्हणजे पहिल्या पायरीतली रिकाम्या एंटरची भानगडच उरत नाही. आणि ‘टेक्स्ट फ्लो’मध्ये परिच्छेद तुटू नये असा पर्याय ठेवा, नाहीतर अभंगाचे दोन चरण या पानावर आणि दोन पुढच्या पानावर.

‘देणगीदार’: लहान अक्षर, कमी अंतर. एवढंच.

ठळक करायच्या सुट्या शब्दांसाठी अक्षर-स्टाइलमधली ‘स्ट्राँग एम्फसिस’ वापरा. अख्ख्या परिच्छेदासाठी अक्षर-स्टाइल नको.

## ७. मजकुराला नावं द्या

आता खरं काम. लेख निवडा, कंट्रोल + एम दाबा. लेखकाने हाताने केलेली सगळी सजावट उतरते. सगळी म्हणजे मधे मुद्दाम ठळक केलेले शब्दसुद्धा, म्हणून आधी ते कुठे आहेत हे कागदावर टिपून ठेवा. मग परिच्छेदात कर्सर ठेवून कंट्रोल + ० म्हणजे बॉडी टेक्स्ट, कंट्रोल + १ म्हणजे हेडिंग १, कंट्रोल + २ म्हणजे हेडिंग २. कवितांसाठी पट्टीवर ‘कविता’ निवडा, वरच्या रंगाच्या बादलीवर क्लिक करा आणि एकेका कडव्यावर टिचकी मारत जा. काम झालं की एस्केप. पूर्ण लेखाला दोनतीन मिनिटं लागतात.

व्हॉट्सॲपवरून, ईमेलमधून, कुठूनही मजकूर घेताना कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + व्ही. नुसता मजकूर येतो, त्याचे फॉन्ट-रंग मागे राहतात. साधं कंट्रोल + व्ही केलं की पाहुण्याबरोबर त्याचं सगळं सामान घरात येतं, स्टाइल्ससकट.

७.६ आवृत्तीपासून पट्टीच्या तळाशी ‘स्पॉटलाइट’ नावाची खूण आहे. ती चालू केली की प्रत्येक स्टाइलला रंग आणि क्रमांक मिळतो आणि तो परिच्छेदाच्या बाजूला दिसतो. जिथे अजून हाताने केलेली सजावट शिल्लक आहे तिथे तिरप्या रेघा येतात. पान स्क्रोल करत रेघा शोधा आणि साफ करा. याआधी हे मी डोळ्यांनी ताडत होते, यापेक्षा जास्त काय सांगू.

## ८. अनुक्रमणिका

‘इन्सर्ट’ > ‘टेबल ऑफ कंटेंट्स अँड इंडेक्स’, त्यातला पहिला पर्याय. शीर्षकाच्या जागी ‘अनुक्रमणिका’ लिहा, ओके. मथळे आणि पानक्रमांक आपसूक येतात.

स्मरणिकेत लेखकाचं नाव अनुक्रमणिकेत नसेल तर फोन येतात. त्यासाठी त्याच खिडकीत ‘ॲडिशनल स्टाइल्स’वर खूण करून बाजूचं बटण दाबा आणि ‘लेखकाचं नाव’ ही स्टाइल बाण दाबून दुसऱ्या पातळीवर न्या. आता लेखाखाली लेखक.

अनुक्रमणिकेत हाताने काही दुरुस्त करू नका. उजवी क्लिक करून ‘अपडेट इंडेक्स’ केलं की ते पुसलं जातं. चूक मूळ मथळ्यातच सुधारा. तिचं रूप बदलायचं तर ‘कंटेंट्स १’, ‘कंटेंट्स २’ या स्टाइल्स आहेत. मधे एखादी ओळ रिकामी, नुसती टिंबं आणि आकडा अशी दिसली, तर कुठेतरी रिकाम्या दिसणाऱ्या, नुसत्या स्पेस असलेल्या परिच्छेदाला ‘हेडिंग १’ लागलं आहे. एफ ५ दाबून नॅव्हिगेटर उघडला तर मथळ्यांची यादी समोर येते. त्यात लेख धरून वरखालीही करता येतात, सगळा मजकूर बरोबर येतो.

## ९. पान-स्टाइल

हा वर्डहून वेगळा भाग. मुखपृष्ठाला ‘फर्स्ट पेज’, बाकीला ‘डीफॉल्ट पेज स्टाइल’. समास, कागदाचा आकार, पानाच्या डोक्यावरची पट्टी हे सगळं पान-स्टाइलमध्ये. सुरुवातीच्या पानांना क्रमांक नको असतील तर ‘इन्सर्ट’ > ‘मोअर ब्रेक्स’ > ‘मॅन्युअल ब्रेक’, तिथे पुढची पान-स्टाइल निवडा आणि ‘चेंज पेज नंबर’वर खूण करून १.

इथे एक गंमत होते. रायटरच्या हिशेबी विषम क्रमांक नेहमी उजव्या पानावर. सम पानाच्या जागी तुम्ही १ सुरू केलात तर तो मधे एक कोरं पान घालतो. पडद्यावर ते सहसा लक्षात येत नाही, पीडीएफमध्ये मात्र दिसू शकतं. प्रेसला पानं मोजून सांगण्याआधी पीडीएफ काढून मोजा.

## १०. टेम्प्लेट

सगळं जमलं की मजकूर पुसा आणि ‘फाइल’ > ‘टेम्प्लेट्स’ > ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’. पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात.

## वर्ड वापरत असाल तर

मथळ्यांना कंट्रोल + ऑल्ट + १, २, ३ आणि साध्या मजकुराला कंट्रोल + शिफ्ट + एन. सजावट उतरवायला कंट्रोल + स्पेस अक्षरांची, कंट्रोल + क्यू परिच्छेदाची. कंट्रोल + एम मात्र वर्डमध्ये परिच्छेद आत सरकवतो, दोन्ही वापरणारे इथे फसतात. फॉन्टचा गोंधळ तिथेही तोच आहे: स्टाइलवर उजवी क्लिक, ‘मॉडिफाय’, खाली ‘फॉरमॅट’ > ‘फॉन्ट’, आणि त्यातल्या ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या भागात देवनागरी फॉन्ट द्या. तो भाग दिसत नसेल तर भाषांच्या यादीत मराठी जोडा. ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ची चौकट इथेही रिकामी. अनुक्रमणिका ‘रेफरन्सेस’ टॅबवर, ताजी करायला एफ ९. पान-स्टाइल वर्डमध्ये नाहीत, त्यांचं काम सेक्शन ब्रेक करतात. म्हणून रायटरची फाइल वर्डमध्ये उघडायची असेल तर परिच्छेदांच्या स्टाइल्स बऱ्यापैकी शाबूत राहतात, पानांची मांडणी पुन्हा तपासावी लागते. प्रेसला शक्यतो पीडीएफच द्या.

यंदाही चिटणीसकाका आले, फाइल जायच्या आदल्याच संध्याकाळी. एक श्रद्धांजलीचा लेख आणि एक कविता. चिकटवलं, नावं दिली, अनुक्रमणिकेवर उजवी क्लिक केली. काका खुर्चीवर टेकले होते, चहा यायचा होता. ‘मग कधी देतेस?’ म्हणाले. झालंय म्हटलं तर त्यांना पटेना, त्यांनी चष्मा लावून शेवटचे चार पानक्रमांक स्वतः पडताळून पाहिले.